पगार कंपनीचा, सही स्वतःची

- प्रतिनिधी

जानेवारी २०२२ मध्ये स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग यांना ‘फॉर्च्युन ५००’ यादीतील एका कंपनीचे ई-पत्र आले. त्याच्या महिनाभर आधी ‘लॉगफोरजे’ या आज्ञावलीत गंभीर त्रुटी उघड झाली होती आणि जगभरातील संगणक विभागांची झोप उडाली होती. आपल्या उत्पादनात ही आज्ञावली आहे काय, असल्यास काय उपाय केले, असे प्रश्न विचारून पत्रात चोवीस तासांत उत्तर मागितले होते. स्टेनबर्ग हे ‘कर्ल’ या आज्ञावलीचे मूळ कर्ते. महाजालावरून माहितीची ने-आण करणारी ही आज्ञावली असंख्य उपकरणांमध्ये विनामूल्य वापरली जाते. तिचा ‘लॉगफोरजे’शी काडीचाही संबंध नव्हता आणि पत्र पाठवणाऱ्या कंपनीने स्टेनबर्ग यांना कधी एक पैसाही दिलेला नव्हता. आधी सेवा-करार करा, मग आनंदाने उत्तरे देतो, असे त्यांनी कळवले आणि कंपनीचे नाव झाकून ते पत्र जाहीर केले.

ते पत्र लिहिणारा कर्मचारी दुष्ट नसावा. पुरवठादारांना पाठवायचा ठरावीक मसुदा त्याने यादीतील सर्वांना पाठवला, एवढेच. मात्र ओपन सोर्सचा कर्ता हा पुरवठादार नसतो, ही साधी गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. हिंजवडी, ऐरोली किंवा पवईत काम करणाऱ्या अभियंत्यांपैकी किती जणांना ती सांगितली जाते, हाही प्रश्नच आहे.

ओपन सोर्स म्हणजे ज्या आज्ञावलीचा मूळ सोर्स कोड सर्वांना खुला असतो आणि परवान्यातील अटी पाळून जो कोणालाही वापरता, बदलता व पुन्हा वाटता येतो. लिनक्स, अपाचे, पोस्टग्रेस ही त्यातील परिचित नावे. हे सारे हौशी मंडळींचे काम, असा समज अजून आढळतो. तो आता खरा नाही. लिनक्सच्या गाभ्यातील बहुतांश बदल पगारी अभियंतेच करतात. त्यामुळे कंपनीचा नोकर आणि समूहाचा सदस्य या दोन भूमिका एकाच माणसाला निभावाव्या लागतात. गोंधळ तेथेच सुरू होतो.

कोड कोणाच्या मालकीचा?

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकाची आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ मानली जाते. कलम १७ सांगते की, नोकरीच्या ओघात निर्माण केलेल्या कृतीचा पहिला मालक हा, विरुद्ध करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे रात्री जागून लिहिलेला कोड आपला वाटला, तरी तो कामाचा भाग असेल तर कंपनीचा ठरतो. काही नेमणूकपत्रांतील अटी तर याहूनही व्यापक असतात आणि कार्यालयीन वेळेबाहेरच्या कामावरही हक्क सांगतात. नेमणूकपत्रावर सही करताना पगाराचा आकडा सोडून बाकीची पाने कोण वाचतो! पण ओपन सोर्समध्ये पहिला पॅच पाठवण्यापूर्वी ती वाचावीतच.

याचे कारण लिनक्सच्या इतिहासात सापडते. मार्च २००३ मध्ये ‘एससीओ’ या कंपनीने ‘आयबीएम’वर खटला भरला. आपल्या मालकीचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये घुसवल्याचा तिचा आरोप होता. हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले. मात्र त्यातून धडा घेऊन २००४ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी नवी पद्धत आणली. तेव्हापासून लिनक्सच्या प्रत्येक पॅचखाली पाठवणाऱ्याची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ असावी लागते. ती निव्वळ औपचारिकता नव्हे. ‘हे काम माझे आहे, किंवा या परवान्याखाली ते देण्याचा मला अधिकार आहे,’ असे ते प्रतिज्ञापत्र असते. कंपनीची परवानगी न घेता कंपनीचा कोड पाठवणारा कर्मचारी खोट्या प्रतिज्ञापत्रावर सही करत असतो, आणि तीही स्वतःच्या नावाने. अपाचे फाउंडेशनही कोड नियमितपणे बदलण्याचा अधिकार देण्यापूर्वी व्यक्तीकडून लेखी करार घेते. नोकरी देणाऱ्या कंपनीने वेगळी संमती देण्यासाठी स्वतंत्र करारपत्रही उपलब्ध आहे. अशी संमती तोंडी न घेता लेखी घ्यावी. वरिष्ठ बदलतात आणि आश्वासनेही त्यांच्याबरोबर जातात.

मालकी स्पष्ट असली की काय साधते, याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण ‘लोहित’ या अक्षरसंचाचे आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले हे टंक रेड हॅटने जीपीएल परवान्याखाली खुले केले आणि २०११ मध्ये त्यांना अक्षरसंचांसाठीचा अधिक सोयीचा परवाना दिला. मालक कोण हे ठाऊक असल्याशिवाय असा बदल करता येत नाही.

मालकीइतकाच गोपनीयतेचाही विचार करावा. त्रुटी नोंदवताना ग्राहकाच्या यंत्रावरील नोंदी जशाच्या तशा जोडण्याची सवय अनेकांना असते. त्या जोडणीत पासवर्ड किंवा अंतर्गत पत्ते गेले, तर ते परत घेता येत नाहीत. कारण हे दप्तर सार्वजनिक असते आणि कायमचे जपले जाते. उलट टोकाचा प्रकारही घडतो. ‘हा मजकूर गोपनीय असून अन्य कोणी वाचू नये’ अशी कंपनीची तळटीप ई-पत्राला आपोआप चिकटते. अशी तळटीप असलेला पॅच लिनक्सचे देखभालकर्ते स्वीकारत नाहीत. गोपनीय म्हणून पाठवलेला कोड सार्वजनिक आज्ञावलीत घ्यायचा तरी कसा?

घाई कोणाला आहे?

समूहात वावरताना आपण कोणासाठी काम करतो, हे लपवू नये. लिनक्समध्ये खासगी पत्त्यावरून पाठवलेल्या कामातही नावापुढे कंसात कंपनीचे नाव देण्याचा प्रघात आहे. आपल्या कंपनीच्या फायद्याची सूचना मांडताना तर हा खुलासा हवाच. मात्र कंपनीचे नाव सांगितल्याने वजन वाढते, असे समजू नये. अपाचेमध्ये सदस्यत्व व्यक्तीला मिळते, कंपनीला नाही, आणि मतही व्यक्तीचेच मोजले जाते. ‘आमच्या ग्राहकाला पुढच्या आठवड्यात हवे आहे’ हे कारण तेथे कारणच नसते. एप्रिल २०२४ मध्ये ‘एफएफएमपेग’ या चित्रफीत-प्रक्रियेच्या प्रकल्पाने, एका बड्या कंपनीच्या कर्मचाऱ्याने आपली अडचण ‘उच्च प्राधान्या’ची म्हणून स्वयंसेवकांपुढे ठेवल्याची जाहीर तक्रार केली होती.

घाईचा आणखी एक प्रकार आकड्यांचा आहे. वार्षिक मूल्यमापनात ‘ओपन सोर्समध्ये इतके पॅच’ असे उद्दिष्ट लावले की, शुद्धलेखनाच्या दुरुस्त्यांचा पाऊस पडतो. जून २०२१ मध्ये लिनक्सच्या एका विकासकाने एका दूरसंचार कंपनीच्या अभियंत्यांबाबत अशीच तक्रार केली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात केवळ टी-शर्टसाठी निरर्थक बदलांचा एवढा भडिमार झाला की, आयोजकांना महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलून, संमती देणाऱ्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. प्रत्येक पॅच कोणीतरी वाचावा लागतो आणि वाचणाऱ्याचा वेळ फुकट नसतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने तर हा भार वाढवलाच आहे. ‘जेंटू’ या लिनक्स वितरणाने एप्रिल २०२४ मध्ये तशा साधनांनी तयार केलेले योगदान घेण्यास मनाई केली. इतर ठिकाणी नियम वेगवेगळे आहेत. ते आधी पाहावेत आणि स्वतःला समजला नाही असा कोड पाठवू नये.

देखभालकर्त्यावर तगादा लावण्याचे परिणाम किती दूरवर जातात, हे ‘एक्सझेड’ प्रकरणाने दाखवले. फाइल आवळून लहान करणारी ही आज्ञावली जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात असते. तिचा भार प्रामुख्याने लासे कोलिन या एकट्या विकासकावर होता. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे कामाच्या संथपणाबद्दल लकडा लावला. हे विनावेतन, हौसेचे काम आहे आणि आपली मानसिक प्रकृतीही ठीक नाही, असे त्यांनी कळवूनही लकडा थांबला नाही. अखेर ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या, उत्साहाने मदत करणाऱ्या सहकाऱ्याकडे अधिकार गेले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच हातांनी आज्ञावलीत चोरदरवाजा बसवला.

तो शोधला मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी. पोस्टग्रेसचे विकासक असलेले फ्रॉइंड गतीची मोजणी करत असताना, दूरस्थ यंत्रावर प्रवेश करण्यास अर्धा सेकंद जादा लागतो, हे त्यांच्या ध्यानी आले. दुसरा एखादा ‘चालायचेच’ म्हणून पुढे गेला असता. त्यांनी मुळापर्यंत जाऊन कारण शोधले. मात्र ते लगेच जगजाहीर केले नाही; आधी डेबियन आणि इतर वितरणांच्या सुरक्षा-गटांना खासगीत कळवले. त्यानंतर २९ मार्च २०२४ रोजी सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. ते स्वच्छ, पुराव्यांसह आणि कोणावरही आगपाखड न करता लिहिलेले होते. ज्यांच्याशी त्यांच्या कंपनीची स्पर्धा आहे, त्यांचीही यंत्रे त्यामुळे वाचली. कामाच्या वेळेत असा शोध घेण्याची मोकळीक देणे, हा मात्र कर्मचाऱ्याच्या नव्हे, तर व्यवस्थापनाच्या अखत्यारीतील विषय आहे.

नोकरी सोडताना एक काम हमखास राहून जाते. राजीनाम्याच्या दिवशी कंपनीचा ई-पत्ता बंद होतो आणि समूहातून येणारी पत्रे कोठे जातात, ते कोणालाच कळत नाही. लिनक्समध्ये कोणत्या भागाची जबाबदारी कोणाकडे आहे, याची ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल असते. शेवटच्या आठवड्यात तिच्यात नवा पत्ता नोंदवावा. काम पुढे करणे जमणार नसेल, तर आपले नाव काढणारा पॅच स्वतःच पाठवावा.