धर्मादाय खात्याची वही

2016 साली मला कोषाध्यक्ष केलं ते एका वाक्यात. "भाऊ, तुमी ब्यांकेत होते, तुमाले जमते." पातूरच्या बसस्टँडजवळ चहा पिता पिता आमच्या अध्यक्षांनी हे ठरवून टाकलं आणि चहाचे पैसेही मलाच द्यायला लावले. अपंगांसाठी काम करणारी तालुक्यातली ही छोटी संस्था. पद मानद, म्हणजे पगार शून्य आणि सही प्रत्येक चेकवर. बँकेत मी पैसे मोजले ते बँकेचे होते. हे कोणाचे, ते कळायला मला आजोबांची वही काढावी लागली.

आजोबा अकोल्याला एका कापूस अडत्याकडे दिवाणजी होते. 'धर्मादाय' हा शब्द मी कीर्तनात ऐकला नाही, त्यांच्या तोंडी हिशेबात ऐकला. शेतकऱ्याची गाडी रिकामी झाली, की त्याच्या हिशेबाच्या पट्टीवर अडत, तोलाई, हमाली यांच्या खाली ही एक ओळ पडायची. रक्कम आण्या-पैची. दुकानाच्या वहीत तिचं खातं वेगळं. वर्षअखेर त्यातून गोरक्षण, पाणपोई, आंधळ्या-पांगळ्यांचं जेवण असं काहीबाही व्हायचं. देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार कारंजाला 1886 साली सुरू झाला, 1897 साली वऱ्हाडच्या बाजारांचा वेगळा कायदा झाला. बाजाराला नियम आले, तरी आजोबांच्या वहीत ही ओळ होतीच. देणाऱ्याला कोणी विचारत नव्हतं, हे मला आजही खटकतं. पुढे हाथरसच्या बिजली कॉटन मिलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मानलं, की धर्मादाय म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याचं उत्पन्न नव्हे. आजोबा कोर्टाशिवायच म्हणायचे, "ही ओळ मालकाची नाही."

घेणारे कुठे होते? नवरात्रात पातूरला रेणुकामातेच्या टेकडीवर चढताना पायऱ्यांच्या कडेला ओळीनं बसलेले असत. आजोबा माझ्या मुठीत चिल्लर द्यायचे, प्रत्येकाच्या ताटलीत एक नाणं. खाली शेखबाबूंच्या दर्ग्याच्या वाटेवर पुन्हा तेच चेहरे दिसत. कोणाचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारावं असं कोणाच्या डोक्यात नव्हतं.

ही रीत मोडणारा माणूस आमच्याच मुलखातला. शेंडगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा, 1905 साली घराबाहेर पडले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवला आणि तिथल्या जत्रेत अंध-पंगूंना पंगतीत बसवून जेवू घातलं. मूर्तिजापूर, नाशिक, पंढरपूर इथं धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोक त्यांच्याकडे संत म्हणून बघतात, मी आता कोषाध्यक्ष म्हणून बघतो. ज्या धर्मशाळेसाठी पैसा गोळा केला, तिथला घास त्यांनी खाल्ला नाही. मालमत्ता विश्वस्तांच्या ताब्यात दिली, आपल्या नातलगांचा तिच्यावर हक्क नाही हे लिहून ठेवलं. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1949 साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. अंगावर चिंध्या, हातात खराटा, आणि व्यवहार असा, की कुठल्याही ऑडिटरला बोट ठेवायला जागा नाही.

कायदा आमच्याकडे जरा फिरून आला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 चा, पण वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात. इथं 1951 चा मध्य प्रदेशचा कायदा होता आणि न्यासांची नोंद कलेक्टरकडे. 1956 नंतर आम्ही मुंबई राज्यात आलो आणि 1960 च्या एकीकरणाच्या कायद्यानं धर्मादाय आयुक्तांच्या कक्षेत. आजोबांच्या वहीतला शब्द सरकारी पाटीवर चढला. तेव्हापासून 31 मार्चला हिशेब बंद करायचा, ऑडिट करून घ्यायचं, अनुसूची आठचा ताळेबंद, नऊचं उत्पन्न-खर्चपत्रक. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत बदल अर्ज. परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही, कर्ज काढता येत नाही.

मोठी माणसं अपंगांची कामं कशी करत असतील, याचं मला कुतूहल होतं. अमरावतीला होमिओपॅथीचे डॉक्टर शिवाजीराव पटवर्धन यांनी 1946 साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवनाची सुरुवात केली, 1959 साली त्यांना पद्मश्री मिळाली. कुष्ठमुक्तांना अपंगत्वाच्या कायद्यात जागा मिळायला 1995 उजाडलं. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे प्रकार 21 झाले. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेली अपंग, मतिमंद मुलं सांभाळली आणि बापाच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव लावलं. त्यांची मागणी साधी आहे: अशा मुलांना अठरा पूर्ण झाली म्हणून बाहेर काढू नका, आयुष्यभर राहू द्या. 2024 साली त्यांनाही पद्मश्री मिळाली. मी ही मागणी वाचली तेव्हा, स्वभावच तसा, आधी खर्चाचा आकडा मनात आला. एका माणसाचं आयुष्यभराचं जेवण, औषध, कपडे कुठल्या रकान्यात लिहायचं? अनुदानाचं वर्ष मार्चला संपतं.

माझी एक चूक सांगतो. तिसऱ्या वर्षी एका दात्यानं श्रवणयंत्रांसाठी रक्कम दिली, पत्रावर तसं लिहून. त्याच महिन्यात पोरांच्या जेवणाच्या किराण्याची उधारी थकली. अध्यक्ष म्हणाले, "पोरं आधी जेवतीन, मंग आयकतीन." वाक्य असं, की नाही म्हणणारा कसाई ठरावा. मी सही केली. पैसे चार महिन्यांनी त्या खात्यात परत भरले, पण ऑडिटरनं शेरा मारला तो मारलाच. दाता ओरडला नाही. नुसता फोनवर म्हणाला, "मले विचारलं असतं तर मी किराणा वेगळा देला असता." त्या पट्टीवरच्या शेतकऱ्यालाही कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून हेतू लिहून आलेल्या पैशाचं खातं वेगळं ठेवतो आणि कंजूस म्हणवून घेतो. आताशा कागदही वाढलेत. 2021 पासून करसवलतीसाठीची प्राप्तिकर खात्यातली नोंदणी मुदतीनं नवी करावी लागते, देणाऱ्याचा पॅन किंवा आधार लिहावा लागतो. रोख 2000 च्या वर दिले तर करात सवलत नाही. पानमळ्यातला म्हातारा पाचशेची नोट पुढे करतो आणि आधार मागितलं की विचारतो, "दान करून रायलो की कर्ज घेऊन रायलो?"

आजोबांची वही माळ्यावर होती, लाल कापडाची, कोपरे उंदरांनी खाल्लेले. शेवटच्या पानावर धर्मादाय खातं, शिल्लक 3 रुपये 4 आणे. त्यापुढे काही नाही. अडतदुकान बंद झालं, मालक गेले, आजोबाही गेले. ही शिल्लक कोणाच्या ताटलीत पडायची राहिली? ऑडिटरला गमतीनं विचारलं तर तो म्हणाला, अनुसूची आठमध्ये हिला जागा नाही. मी सव्वातीन रुपये टेबलावर ठेवले, पावती फाडली आणि देणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात 'जुनी बाकी' लिहिलं.