ट्रॅव्हल ट्रेलर

ट्रॅव्हल ट्रेलर हे मोटारीच्या किंवा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढून नेले जाणारे, राहण्याची सोय असलेले वाहन होय. अमेरिका व कॅनडा या देशांत ट्रॅव्हल ट्रेलर हे नाव रूढ आहे. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये त्यास कॅरॅव्हॅन म्हणतात. स्वतःचे इंजिन असलेल्या मोटरहोमपेक्षा ते वेगळे असते. मुक्कामाच्या जागी ट्रेलर सोडून ठेवता येतो आणि ओढणारी मोटार इतर फिरण्यासाठी मोकळी राहते, हा त्याचा मुख्य फायदा आहे.

ट्रॅव्हल ट्रेलर एकाच वेळी वाहनही असतो आणि घरही. त्यामुळे चाके, ब्रेक व जोडणी यांच्याबरोबरच छप्पर, पाणी, वीज व गॅस यांचीही देखभाल करावी लागते. त्याच्या बाबतीतील गंभीर अपघात व मोठे नुकसान बहुधा सहज न दिसणाऱ्या कारणांमुळे घडते. चुकीच्या जागी ठेवलेले वजन, वरून चांगला दिसणारा पण जुना झालेला टायर, छताच्या सांध्यातून झिरपणारे पाणी आणि गंध नसलेला विषारी वायू ही अशी कारणे होत. म्हणून बिघाडानंतरच्या दुरुस्तीपेक्षा नियमित तपासणीला येथे अधिक महत्त्व आहे.

इतिहास

केवळ हौसेच्या प्रवासासाठी बांधलेल्या आरंभीच्या कॅरॅव्हॅनांत ‘वाँडरर’ ही प्रसिद्ध आहे. ब्रिटिश नौदलातील निवृत्त डॉक्टर व लेखक विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांच्यासाठी ती १८८५ मध्ये ब्रिस्टल येथे बांधण्यात आली. ती घोडे ओढत असत. ब्रिटनमधील कॅरॅव्हॅन क्लबची स्थापना १९०७ मध्ये झाली. मोटारींचा प्रसार झाल्यावर घोड्यांची जागा मोटारीने घेतली.

अमेरिकेत १९३० च्या दशकात विमानबांधणीचे तंत्र ट्रेलरसाठी वापरले जाऊ लागले. हॉली बोलस यांचा ‘रोड चीफ’ (१९३४) आणि वॉली बायम यांच्या एअरस्ट्रीम कंपनीचा ‘क्लिपर’ (१९३६) हे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे, गोलसर आकाराचे ट्रेलर त्या काळातील होत. १९६९ मध्ये अपोलो ११ मोहिमेवरून परतलेल्या अंतराळवीरांना विलगीकरणात ठेवण्यासाठी एअरस्ट्रीमच्याच ट्रेलरमध्ये बदल करून बनवलेला कक्ष वापरण्यात आला. इंडियाना राज्यातील एल्कहार्ट व त्याचा परिसर हे आज या उद्योगाचे अमेरिकेतील प्रमुख केंद्र आहे.

वजन व त्याची विभागणी

ट्रेलरचा पुढचा टोकदार भाग ओढणाऱ्या वाहनाच्या मागील लोखंडी गोळ्यावर बसतो. या भागास कपलर म्हणतात. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी ठराविक हिस्सा कपलरवर खाली दाबणाऱ्या भाराच्या रूपाने यावा लागतो. अमेरिकेत हे प्रमाण १० ते १५ टक्के मानले जाते. म्हणजे २,५०० किलो वजनाच्या ट्रेलरचा कपलरवरील भार २५० ते ३७५ किलो असावा. युरोपातील हलक्या कॅरॅव्हॅनसाठी ५ ते ७ टक्के हे प्रमाण प्रचलित आहे. हा भार कमी पडल्यास ट्रेलरचे शेपूट वेगात असताना डावी-उजवीकडे झुलू लागते. भार फार जास्त झाल्यास ओढणाऱ्या वाहनाचा मागचा भाग दबतो आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड कमी होते.

म्हणून जड सामान चाकांच्या ॲक्सलच्या जवळ, किंचित पुढच्या बाजूस व जमिनीलगत ठेवावे. सायकली, पेट्या किंवा जनित्र ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला अडकवल्यास कपलरवरील भार घटतो. पाण्याचा विचारही आवश्यक असतो. १५० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १५० किलो वजन होय आणि टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, यावर तिचा परिणाम अवलंबून असतो.

वाहनाची ओढण्याची क्षमता पुरेशी असली म्हणजे झाले, हा सर्वांत प्रचलित गैरसमज आहे. कपलरवरील भार हा ओढणाऱ्या वाहनाने स्वतःच्या अंगावर पेललेला भार असतो. समजा, एखादे वाहन ३,००० किलोचा ट्रेलर ओढू शकते, पण प्रवासी व सामान मिळून केवळ ६०० किलो वाहू शकते. चार प्रवाशांचे २८० किलो, सामानाचे ६० किलो आणि कपलरवरील ३०० किलो यांची बेरीज ६४० किलो होते. ट्रेलर मर्यादेत असूनही वाहनावर मर्यादेपेक्षा जास्त भार पडतो. प्रवासाच्या पूर्ण तयारीनिशी वाहन व ट्रेलर वजनकाट्यावर नेणे हा खात्रीचा उपाय आहे.

जोडणी

कपलर गोळ्यावर पूर्ण बसला आहे व त्याची कडी अडकली आहे, हे जॅकने ट्रेलरचे तोंड थोडे वर उचलून पाहता येते. वाहनाचा मागचा भागही सोबत उचलला गेल्यास जोडणी पक्की समजावी. त्यानंतर कडीत खीळ घालावी. दोन्ही सुरक्षा साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन अडकवतात. कपलर निसटल्यास त्याचे टोक रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडावे, हा त्यामागील हेतू असतो.

ट्रेलर पूर्णपणे सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लागावेत यासाठी एक बारीक तार दिलेली असते. ती ओढणाऱ्या वाहनाच्या सांगाड्याशी स्वतंत्रपणे बांधावी, साखळीला बांधू नये. विजेच्या ब्रेकची ही यंत्रणा ट्रेलरच्या बॅटरीवर चालते. बॅटरी उतरलेली असल्यास तारेचा उपयोग होत नाही. निघण्यापूर्वी दिवे, दिशादर्शक व ब्रेक एकदा चालवून पाहावेत.

टायर, बेअरिंग व ब्रेक

ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात. वर्षातील बराच काळ ते एकाच जागी, उन्हात व भाराखाली उभे असतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर निर्मितीचा सांकेतिक क्रमांक असतो. त्यातील शेवटचे चार अंक आठवडा व वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांनंतर टायर बदलण्याचा सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी. कमी हवेमुळे टायर तापतो व फुटतो. फुटलेल्या टायरच्या फटक्याने ट्रेलरचा तळ व नळही फाटू शकतात.

चाक बसवल्यावर ८० ते १६० किमी अंतर गेल्यानंतर त्याचे नट पुन्हा ठरलेल्या जोराने आवळावे लागतात. चाकांच्या बेअरिंगची सफाई करून त्यांत नवे ग्रीस भरण्याचे काम सामान्यतः वर्षातून एकदा किंवा सुमारे १६,००० ते १९,००० किमीनंतर करतात. वाटेत थांबल्यावर चाकांच्या मध्यभागाचे तापमान पाहण्याची सवय उपयोगी ठरते. एकच चाक इतरांपेक्षा बरेच गरम लागल्यास त्याचे बेअरिंग किंवा ब्रेक बिघडल्याची शक्यता असते.

रस्त्यावरील वर्तन

ट्रेलर जोडल्यावर थांबण्यास अधिक अंतर लागते. वळणावर ट्रेलरची चाके मोटारीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून वळण मोठे घ्यावे लागते. मागे नेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर ठेवल्यास हात ज्या बाजूला सरकतो त्याच बाजूला ट्रेलरचे मागचे टोक जाते. उतारावर सतत ब्रेक दाबून धरल्यास ते तापून निकामी होतात. त्यासाठी उताराच्या आधीच खालचा गिअर घ्यावा.

ट्रेलर झुलू लागल्यास गोंधळून जोरात ब्रेक दाबणे, वेग वाढवणे किंवा स्टिअरिंग उलटसुलट फिरवणे धोक्याचे असते. स्टिअरिंग सरळ व स्थिर धरावे, ॲक्सिलरेटरवरील पाय हळूहळू काढावा आणि चालकाजवळ ट्रेलरच्या ब्रेकचे स्वतंत्र नियंत्रण असल्यास केवळ तेच हलके वापरावे. झुलणे थांबल्यावर सुरक्षित जागी थांबून वजनाची मांडणी तपासावी. झुलणे रोखणारी साधने बाजारात मिळतात; तथापि ती चुकीच्या वजनविभागणीस पर्याय ठरत नाहीत.

वेगमर्यादा व मार्गांचे नियम ठिकाणानुसार बदलतात. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या वाहनास ताशी ५५ मैल (सुमारे ८८ किमी), तर ब्रिटनच्या मोटरवेवर ताशी ६० मैल (सुमारे ९७ किमी) ही कमाल मर्यादा आहे. माँटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगराळ भागात २१ फुटांपेक्षा (६.४ मीटर) लांब वाहनास, ओढणारी मोटार व ट्रेलर यांची लांबी एकत्र धरून, प्रवेश नाही. काही बोगद्यांत गॅसचे सिलिंडर नेण्यावर निर्बंध असतात. छतावरील वातानुकूलन यंत्रासह ट्रेलरची उंची लिहून ती चालकासमोर लावण्याची पद्धत कमी उंचीच्या पुलांखाली होणारे अपघात टाळते.

छप्पर व गळती

पाणी हा ट्रेलरच्या सांगाड्याचा सर्वांत मोठा शत्रू समजला जातो. छतातील खिडक्या, वायुवीजनाच्या नळ्या व कडा यांभोवतीचे सीलंट ऊन आणि हादरे यांमुळे तडकते. तेथून शिरलेले पाणी भिंतीतील लाकूड कुजवते आणि आतून डाग दिसेपर्यंत बरेच नुकसान होऊन गेलेले असते. भिंतीचा बाहेरचा पत्रा फुगणे, जमीन पायाखाली मऊ लागणे व कोंदट वास येणे ही त्याची लक्षणे होत. छताची पाहणी दर तीन ते सहा महिन्यांनी करावी आणि छताच्या पदार्थास मानवणारेच सीलंट वापरावे.

पाणी व सांडपाणी

ट्रेलरमध्ये बहुधा तीन टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, धुण्या-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि शौचालयाची. बराच काळ बंद राहिलेली पाण्याची व्यवस्था वापरण्यापूर्वी निर्जंतुक करतात. त्यासाठी ६० लिटर पाण्यास साधारण ६० मिलीलिटर सुगंधविरहित घरगुती ब्लीच मिसळून ते प्रत्येक नळापर्यंत पोहोचवतात, काही तास तसेच ठेवतात व नंतर वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुतात.

शौचालयाच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवू नये. द्रव वाहून जातो व घन भाग तळाशी साचून घट्ट होतो. टाकी बरीच भरल्यावर ती प्रथम व सांडपाण्याची टाकी त्यानंतर रिकामी केल्यास नळी आपोआप धुतली जाते. हे काम केवळ त्यासाठी नेमलेल्या जागीच करावे.

गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते व नळ फुटतात. म्हणून थंड प्रदेशांत हिवाळ्याआधी सर्व पाणी काढून नळांत प्रॉपिलीन ग्लायकॉलचे बिनविषारी गोठणरोधक भरतात. मोटारीच्या इंजिनात सामान्यतः वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या नळांत कधीही घालू नये.

वीज व गॅस

अमेरिकेतील अनेक ट्रेलरांची बाहेरून मिळणारी वीज १२० व्होल्ट व ३० अँपिअर, म्हणजे कमाल ३,६०० वॅट असते. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह व विजेचा पाणीतापक यांना प्रत्येकी सुमारे १,५०० वॅट लागल्यास तिन्ही एकदम चालवता येत नाहीत. घरी अशा ट्रेलरसाठी सॉकेट बसवून घेताना चुकून २४० व्होल्टची जोडणी झाल्यास आतील उपकरणे जळतात. त्यामुळे ट्रेलर जोडण्यापूर्वी व्होल्टेज मोजणे आवश्यक असते.

स्वयंपाक, उष्णता व काही प्रकारचे फ्रीज यांसाठी प्रोपेन वायू वापरतात. तो हवेपेक्षा जड असल्याने गळाल्यास जमिनीलगत साचतो; म्हणून त्याचा सूचक खाली बसवलेला असतो. सांध्यांतील गळती साबणाच्या पाण्याने तपासावी. अपुऱ्या ज्वलनातून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन व गंधहीन असून झोपेत प्राणघातक ठरतो. गॅसची शेगडी खोली गरम करण्यासाठी पेटवू नये, जनित्र खिडकीजवळ चालवू नये आणि धोकासूचक यंत्रे त्यांच्यावर छापलेल्या मुदतीनंतर बदलावीत.

मुक्कामाचा क्रम

मुक्कामी पोहोचल्यावर प्रथम ट्रेलर आडव्या दिशेने समतल करतात, मग चाकांना पुढून व मागून ठोकळे लावतात आणि त्यानंतरच तो वाहनापासून सोडवतात. ठोकळ्यांआधी जोडणी सोडल्यास उतारावरील ट्रेलर घरंगळू शकतो. यानंतर जॅकने तोंड वर-खाली करून लांबीच्या दिशेने समतल साधतात व शेवटी कोपऱ्यांचे आधार खाली करतात. हे आधार डुलणे थांबवण्यासाठी असतात, ट्रेलर उचलण्यासाठी नव्हे. निघताना हाच क्रम उलट करून, पायरी, छत्री, खिडक्या व नळ्या आवरल्याची खात्री ट्रेलरभोवती एक फेरी मारून करतात.

भारतातील स्थिती

भारतात ओढून न्यायचे ट्रेलर विरळ असून व्हॅन किंवा लहान बसच्या सांगाड्यावर बांधलेल्या स्वयंचलित कॅरॅव्हॅन अधिक आढळतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनासाठी धोरण जाहीर केले. टायरचे वय, छताची गळती, पाणी, वीज व गॅस यांविषयीची वरील काळजी अशा वाहनांनाही तितकीच लागू पडते.