इंग्रजीची अनियमित क्रियापदे आणि स्पॅनिशभाषक विद्यार्थी

परभाषा शिकताना होणाऱ्या चुकांचे खापर विद्यार्थ्याच्या मातृभाषेवर फोडण्याची प्रवृत्ती जुनी आहे. स्पॅनिशभाषकांच्या इंग्रजी-अध्ययनाच्या इतिहासात या प्रवृत्तीचा उत्कर्ष आणि तिची मर्यादा ही दोन्ही स्पष्ट दिसतात.

इंग्रजीतील ‘सिंग–सँग’सारखी रूपे मुळात अनियमित नव्हती. प्राचीन इंग्रजीत स्वरबदलाने भूतकाळ दाखविणारी तीनशेहून अधिक क्रियापदे होती व त्यांचे सात वर्ग होते. पुढे त्यांतील कित्येक प्रत्यय घेऊ लागली. ‘हेल्प’चे ‘होल्प’ हे जुने रूप लोपून ‘हेल्प्ड’ रूढ झाले. जी उरली ती अपवाद ठरली. स्पॅनिशभाषकास अपवाद अपरिचित नाहीत. ‘तेनेर’चे भूतकाळी रूप ‘तुवे’ होते, तर ‘असणे’ व ‘जाणे’ या दोन्ही अर्थांच्या क्रियापदांस ‘फुई’ हे एकच रूप आहे. शिवाय स्पॅनिशमध्ये प्रत्येक पुरुषास निराळा प्रत्यय लागतो. इंग्रजी ‘सँग’ मात्र सर्व पुरुषी समान राहते.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात १९४१ साली चार्ल्स फ्राईझ यांनी इंग्रजी भाषा संस्था स्थापिली. तिचे आरंभीचे विद्यार्थी लॅटिन अमेरिकेतील होते. याच परंपरेतील रॉबर्ट लाडो यांचे बालपण स्पेनमध्ये गेले होते. त्यांनी १९५७ च्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, दोन भाषांच्या तुलनेवरून विद्यार्थ्याच्या अडचणी आधीच सांगता येतात.

१९६७ साली पिट कॉर्डर यांनी, चूक हा दोष नसून विद्यार्थी कोणता नियम मनात बांधीत आहे याचा पुरावा होय, असा विचार मांडला. १९७३–७४ मध्ये हायडी डुले व मरीना बर्ट यांनी स्पॅनिशभाषक मुलांचे इंग्रजी तपासले. त्यांच्या मते बहुसंख्य चुका स्पॅनिशच्या प्रभावाने घडलेल्या नव्हत्या. इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही तशाच चुका करतात. ‘वेंट’ऐवजी ‘गोड’ म्हणणे हे याचे ठळक उदाहरण. स्पेनमधील मूलही स्वभाषेत ‘रोतो’ऐवजी ‘रोंपीदो’ आणि ‘से’ऐवजी ‘साबो’ म्हणते. नियम सापडल्यावर तो सर्वत्र लावणे, हीच उभयत्र प्रक्रिया आहे.

तथापि मातृभाषेचा प्रभाव नाकारता येत नाही. त्याचे स्थान मात्र निराळे आहे. स्पॅनिश शब्दाच्या अंती व्यंजनसमूह सहसा येत नाही. त्यामुळे ‘वर्क्ट’ असा उच्चार होणाऱ्या नियमित रूपाचा प्रत्यय जिभेवरून निसटतो आणि ‘वर्क’ एवढेच ऐकू येते. परीक्षक तेथे व्याकरणाचे अज्ञान पाहतो. वस्तुतः अडचण उच्चाराची असते.

प्वेर्तो रिकोमध्ये १८९८ मध्ये अमेरिकी सत्ता आल्यानंतर शालेय माध्यमाचे धोरण वारंवार बदलले आणि १९४९ मध्ये स्पॅनिश पुन्हा माध्यम झाली. जेथे मुलांची योग्यता परभाषेतील रूपांवरून ठरते, तेथे ‘गोड’ म्हणणारे मूल मंद की नियमशोधक, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही.