वायूचे आकारमान आणि पाण्याचा थेंब

वर्धा शहराला लागून ज्या गावांच्या नावांपुढे कंसात ‘मेघे’ हा शब्द लिहिला जातो, त्यांपैकी सावंगी हे एक होय. आचार्य विनोबा भावे यांचे नाव धारण करणारे एक मोठे ग्रामीण रुग्णालय आणि त्याला जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे आज ते नाव विदर्भाबाहेरही ठाऊक आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शरीरव्यापाराच्या प्रयोगशाळेत जे पहिले प्रयोग करावे लागतात, त्यांत श्वासाची मोजणी हा एक असतो. छाती भरून श्वास घ्यावयाचा, नळीत तोंड घालून तो सारा बाहेर सोडावयाचा आणि किती लिटर हवा निघाली ते यंत्रावर वाचावयाचे; प्रयोग इतकाच. परंतु फुप्फुसांतून ३ लिटर हवा निघाली असता २५ अंश उष्णतेच्या खोलीतील साधे यंत्र जेमतेम २.८ लिटर दाखविते. उरलेली हवा कोठे गेली? नळी फुटलेली नाही, रोग्यानेही चुकारपणा केलेला नाही. या लहानशा तुटीचा हिशेब लागण्यास युरोपातील शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ लागला. त्या हिशेबाची कथा आज सांगावयाची आहे.

उष्णतेने हवा फुगते, हे पाहणे मुळीच कठीण नाही. अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या ग्रीक यंत्रज्ञाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अशी युक्ती वर्णिली आहे की, वेदीवर अग्नी पेटविला म्हणजे तिच्या पोटातील हवा प्रसरण पावून पाणी एका पात्रात ढकलते आणि त्या पात्राच्या भाराने देवळाचे दरवाजे आपोआप उघडतात. भाविकांना तो चमत्कार वाटावा हाच हेतू असल्यामुळे हवा किती फुगली हे विचारण्याचे तेथे कोणाला कारण नव्हते. पुढे गॅलिलिओने लांब मानेचा काचगोल हातात धरून ऊबदार केला आणि त्याचे तोंड पाण्यात बुडविले. गोल निवताच पाणी मानेतून वर चढले. उष्णतामापकाचा हा पूर्वजच म्हणावयाचा. पण त्यालाही नेमके माप नव्हते.

मापाची पहिली खरी चिकाटी गियोम आमोंतों या फ्रेंच गृहस्थाने दाखविली. तरुणपणीच त्याची श्रवणशक्ती गेली होती. १७०२ च्या सुमारास त्याने हवा काचपात्रात कोंडून तिच्यावर पाऱ्याचा स्तंभ उभा केला. पात्र थंड पाण्यातून उकळत्या पाण्यात नेले म्हणजे हवेचा दाब सुमारे एकतृतीयांशाने वाढतो आणि आरंभी दाब कितीही असला तरी वाढीचे प्रमाण तेच राहते, असे त्याला आढळले. हवा अशीच थंड करीत गेल्यास कोठे तरी तिचा जोर शून्यावर येईल, हाही विचार त्याच्या लिखाणातून सूचित होतो. आमोंतों १७०५ मध्ये वारला आणि हा धागा बराच काळ तसाच पडून राहिला.

मग १७८३ साल उजाडले आणि हवेचे फुगणे हा साऱ्या युरोपच्या कौतुकाचा विषय झाला. ४ जून रोजी आनोने गावच्या मोंगोल्फिए बंधूंनी कापड व कागद यांचा एक प्रचंड फुगा आगीच्या धगीवर धरून आकाशात सोडला. हे बंधू कागदाचे कारखानदार होते. धुरामध्ये काही विशेष हलका वायू असतो अशी त्यांची समजूत होती. वस्तुतः आतली साधी हवाच तापून विरळ झाली होती. हवा २० अंशांवरून १०० अंशांवर नेली तर फुग्याच्या उघड्या तोंडातून तिचा पाचवा हिस्सा निघून जातो, तेवढा भार कमी होतो आणि बाहेरची जड हवा फुग्याला वर उचलते. कल्पना चुकीची असतानाही विमान उडाले, असे शास्त्राच्या इतिहासात पुष्कळदा घडलेले आहे.

पॅरिसमधील पदार्थविज्ञानाचे लोकप्रिय व्याख्याते झाक शार्ल यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी उज्जवायू, म्हणजे हायड्रोजन, भरून त्याच वर्षीच्या २७ ऑगस्टला एक निर्मनुष्य फुगा सोडला. तो गोनेस गावी उतरला तेव्हा भयभीत खेडुतांनी तो फाडून टाकला. १ डिसेंबर रोजी शार्ल स्वतः निकोला रोबेर यांच्यासह वर गेले. सुमारे दोन तासांनी फुगा उतरला. रोबेर खाली उतरताच भार हलका होऊन शार्ल एकटेच सुमारे तीन हजार मीटर उंच गेले आणि एकाच सायंकाळी त्यांना सूर्यास्त दोनदा पाहावयास मिळाला. त्यानंतर ते पुन्हा कधी फुग्यात बसले नाहीत. ऊन लागले की फुगा ताणतो, सावली पडली की आक्रसतो, ही गोष्ट ज्याला अंतराळी टांगून घ्यावयाचे त्याच्या दृष्टीने जीविताची असते.

हे शार्ल १७८७ च्या सुमारास प्रयोगाकडे वळले. प्राणवायू, नत्रवायू, उज्जवायू, कर्बाम्ल वायू आणि साधी हवा ही सर्व सारख्याच उष्णतेने सारखीच फुगतात असे त्यांना दिसले. शोध मोठा होता. पण त्यांनी तो छापला नाही. पाण्यात सहज विरघळणाऱ्या वायूंचा त्यांना निराळाच अनुभव आला होता. कदाचित त्यामुळे त्यांचे समाधान झाले नसेल.

गितों व प्रियूर या दुसऱ्या फ्रेंच संशोधकांच्या प्रयोगांत तर प्रत्येक वायू आपापल्या लहरीप्रमाणे फुगत होता. या गोंधळाचे कारण ओळखण्याचे श्रेय तेवीस वर्षांच्या एका तरुणाचे आहे. त्याचे नाव झोसेफ गे-ल्युसाक. १८०२ च्या आपल्या निबंधात त्याने पूर्वीच्या प्रयोगांचा दोष स्पष्ट सांगितला: पात्रे कोरडी नव्हती.

हा मुद्दा दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. पाण्याच्या एका थेंबाचे वजन सुमारे एक विसांश ग्रॅम असते. तो १०० अंशांस वाफ झाला म्हणजे ८० घन सेंटिमीटरांहून अधिक जागा व्यापतो. पाव लिटरच्या बाटलीत असा एक थेंब चिकटून राहिला असेल, तर हवेच्या नावावर आपण जे प्रसरण लिहितो त्यातला फार मोठा वाटा वाफेचा असतो. आपल्या घरात हाच घोटाळा रोज डोळ्यांसमोर घडतो. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेला फुलका टम्म फुगतो तो आतली हवा तापल्यामुळे, असे मुलांना सांगितले जाते. परंतु हवा ३० अंशांवरून १०० अंशांवर नेली तरी ती शंभरास सुमारे तेवीस एवढीच वाढते. तेवढ्याने फुलक्याचा चेंडू होत नाही. फुलका फुगतो तो कणकेतल्या पाण्याच्या वाफेने. शार्लचा नियम शिकविण्यास फुलक्यासारखे वाईट उदाहरण नाही, असे माझे मत आहे.

गे-ल्युसाकने वायू आधी कोरडा केला. तो तोटी असलेल्या काचगोलात भरून गोल उकळत्या पाण्यात ठेवला आणि फुगलेला जादा वायू बाहेर जाऊ दिला. मग तोटी बंद करून गोल बर्फात निववला आणि पाण्याखाली तोटी उघडली. जेवढा वायू निघून गेला होता तेवढे पाणी आत शिरले; ते वजन करून मोजले. शून्य अंशाचे १०० भाग १०० अंशांस १३७.५ भाग होतात, आणि वायू कोणताही असो, वाढ तीच, हा त्याचा निष्कर्ष. शार्लच्या समजुतीविरुद्ध पाण्यात विरघळणारे वायूही याच नियमाने चालतात असे त्याने दाखविले. इंग्लंडात मँचेस्टर येथे जॉन डाल्टननेही १८०१ मध्ये बहुतेक याच निर्णयाप्रत येऊन तो विद्वत्सभेपुढे वाचला होता. परंतु गे-ल्युसाकच्या निबंधातील एक वाक्य मला त्याच्या आकड्यांइतकेच मोलाचे वाटते. पंधरा वर्षांपूर्वी शार्ल यांना हा गुण दिसला होता आणि तो आपणांस केवळ योगायोगाने कळला, असे त्याने आपणहून नमूद केले. न छापलेल्या कामाचे श्रेय दुसऱ्याला देण्यास त्याला कोणी भाग पाडले नव्हते. आज जगभर ‘शार्लचा नियम’ म्हणतात, तो त्या एका प्रामाणिक उल्लेखामुळे.

तरीही त्याचा आकडा थोडा फुगलेलाच होता. १८३७ मध्ये स्वीडनच्या रुडबर्गने हवा वारंवार शोषकातून नेऊन अधिक कोरडी केली, तेव्हा वाढ कमी भरली. पुढील दशकात पॅरिसच्या रेन्योने अत्यंत काटेकोर मापने करून ती शंभरास सुमारे ३६.६ एवढी ठरविली. म्हणजे दर अंशास, शून्य अंशावरील आकारमानाचा २७३ वा भाग. २६७ आणि २७३ यांतील अंतर बव्हंशी ओलाव्याचे. १८४८ मध्ये केल्व्हिनने निरपेक्ष उष्णतामानाची कल्पना मांडली; तिचे शून्य आज आपण उणे २७३.१५ अंश मानतो.

आता सावंगीच्या श्वासाकडे वळू. १८४६ मध्ये लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी श्वासमापक यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. खलाशी, पोलीस, आगीचे बंबवाले, मल्ल, भिकारी अशा दोन हजारांहून अधिक माणसांचे श्वास त्यांनी मोजले होते. त्यांचे यंत्र म्हणजे पाण्यात पालथी घातलेली घंटा. श्वास आत गेला की घंटा वर उचलली जाते आणि तिच्या चढण्यावरून आकारमान वाचता येते. ही रचना वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला अपरिचित वाटू नये. ज्या वर्ध्यास १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला, तेथील खेड्यांत पुढे गोबरगॅसची तरंगती टाकी आली. तिचे तत्त्व हेच. भर दुपारी ती टाकी वर आलेली दिसते तेव्हा सगळा नवाच गॅस तयार झाला असे समजू नये. २० अंशांवरून ४० अंशांवर गेलेला तोच गॅस शंभरास सुमारे सात एवढा वाढलेला असतो, आणि शेणकाल्यावरची वाफ त्यात आणखी भर घालते.

हचिन्सनच्या घंटेत मात्र उलट घडते. फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि वाफेने तृप्त असते. घंटेतले पाणी बहुधा तिच्याहून गार असते. श्वास निवतो, आक्रसतो आणि त्यातल्या वाफेचा काही भाग पाण्यात मिळून जातो. २५ अंशांस पहिल्या कारणाने शंभरास सुमारे चार आणि दुसऱ्याने सुमारे तीन एवढी तूट येते. म्हणून वाचलेला आकडा १.०७५ ने गुणावा लागतो. २० अंशांस १.१०२ ने, ३० अंशांस १.०४५ ने. नवी यंत्रे श्वासाचा प्रवाह मोजून असा हिशेब आपोआप करतात; पण तो बरोबर येण्यास खोलीचे उष्णतामान त्यांना बरोबर कळले पाहिजे.

हा गुणाकार विसरला तर काय होते? कापसाच्या धुळीत आयुष्य घालविलेला एखादा मजूर तपासणीस आला आहे असे समजा. त्याचा श्वास अपेक्षित मापाच्या शंभरास ८४ आहे. दुरुस्ती न करता तो ७८ वाचला जाईल. डॉक्टरांत दीर्घकाळ रूढ असलेली सीमा ८० ची. केवळ गणित राहिल्यामुळे धडधाकट माणसाच्या कागदावर विकाराची नोंद होईल. किंवा उपचाराआधीची मोजणी जानेवारीत आणि नंतरची मे महिन्यात झाली, तर औषधाने न केलेला गुण ऋतूच्या नावाऐवजी औषधाच्या नावावर जमा होईल. वर्ध्यात हिवाळ्याच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात ४५ च्या पलीकडे जातो. या दोन टोकांत १०० लिटर कोरड्या हवेचे सुमारे ११३ लिटर होतात.

ज्यांना हे स्वतः पडताळून पाहावयाचे असेल त्यांनी विदर्भातील कोरडा उन्हाळा निवडावा; पावसाळ्यात बाटली कोरडी ठेवणे दुरापास्त असते. स्वच्छ वाळविलेल्या बाटलीला घट्ट बूच लावून त्यातून एक बारीक काचनळी आडवी वाकवून न्यावी आणि नळीत तेलाचा एक थेंब सोडावा. बाटलीभोवती नुसते तळहात धरले तरी थेंब बाहेर सरकू लागतो. विस्तवावर मात्र बूच लावलेली बाटली कधीही ठेवू नये. महाविद्यालयांतील जुन्या उपकरणात तेलाच्या जागी तीव्र गंधकाम्लाचा थेंब असे. विद्यार्थी त्याला नुसती खूण समजत. वस्तुतः तो कोंडलेल्या हवेतला ओलावाही शोषून घेई. हे अम्ल घरी हाताळण्याजोगे नव्हे.

श्वासमापकाच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. घंटेतले पाणी ३७ अंशांस पोचले, तर फुप्फुस आणि यंत्र एकाच उष्णतेचे होतात आणि गुणक बरोबर १ होतो. मे महिन्यातील एखाद्या दुपारी, पंखा बंद असलेल्या खोलीत, सावंगीला हे घडणे अशक्य नाही. पण तेथेही भिंतीवरच्या उष्णतामापकावर विसंबू नये. कोरड्या हवेत उघडे पाणी माठातल्या पाण्याप्रमाणे खोलीहून गार राहते. तेव्हा उष्णतामापक घंटेतच बुडवून वाचावा.