बेताचे गुण आणि दुसरें दार

शाळेंत बेताचेच गुण मिळविणाऱ्या मुलास कॉलेजचें दार उघडावें कीं नाहीं, हा वाद अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें 1960 सालीं मोठ्या चतुराईनें मिटविला. त्या वर्षींच्या ‘मास्टर प्लॅन’ची कीर्ति औदार्याबद्दल आहे, परंतु वरचे दरवाजे त्यानें आधीं अरुंदच केले, हें फारसें कोणी सांगत नाहीं. हायस्कुलांतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं शेंकडा सुमारें 15 जण पूर्वीं विद्यापीठास पात्र ठरत, ते साडेबारांवर आले. स्टेट कॉलेजांस सुमारें निम्मे पात्र असत, तेथें तृतीयांश उरले. बाकीच्यांस ज्यूनियर कॉलेज! 1907 च्या कायद्यानें हायस्कुलांच्या आश्रयास वाढलेल्या या संस्थांत गुणांची अट नव्हती; रहिवाशांस 1984 पर्यंत शिकवणीची फीहि नव्हती.

मग ही हकालपट्टीच कीं काय? तसें म्हणवत नाहीं. येथें दोन वर्षें नीट अभ्यास करणारास विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षांत घ्यावें, आणि त्यासाठीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांत वरच्या दोन वर्षांचा वाटा शेंकडा 60 असावा, असें योजनेंतच होतें. शाळेचा निकाल असा दोन वर्षांनीं फिरवितां येऊं लागला. मात्र सारा भार या दुसऱ्या दारावर पडला, आणि तेथवर न पोंचतां मध्येंच शिक्षण सोडणारे पुष्कळ निघाले.