निरीक्षण व अनुमान (न्यायसहायक विज्ञान)

निरीक्षण व अनुमान या न्यायसहायक विज्ञानाच्या शिक्षणात आरंभीच परिचय करून दिल्या जाणाऱ्या दोन संकल्पना होत. घटनास्थळी इंद्रियांना किंवा उपकरणांना जे प्रत्यक्ष आढळते त्याची नोंद म्हणजे निरीक्षण. त्या नोंदीवरून, पूर्वज्ञानाच्या आधारे, न दिसलेल्या गोष्टीविषयी काढलेला निष्कर्ष म्हणजे अनुमान. नागपूर येथे या विषयाचे शिक्षण देणारी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था व प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे.

संकल्पना

मराठी व्यवहारात 'अनुमान' व 'अंदाज' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्रात ते भिन्न आहेत. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष व अनुमान ही स्वतंत्र प्रमाणे मानली. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, या प्रसिद्ध उदाहरणात धूर हा हेतू, अग्नी हे साध्य आणि 'जेथे धूर तेथे अग्नी' हा नियम म्हणजे व्याप्ती. दुरून दिसलेले धुके धूर समजले गेले, तर तर्काची रीत निर्दोष असूनही निष्कर्षाला आधार उरत नाही. अशा हेतूला 'असिद्ध' म्हणतात. न्यायसहायक विज्ञानातील काही वादांचे मूळ या असिद्ध हेतूत सापडते.

अध्यापन

विद्यार्थ्यांना नोंदवहीत दोन रकाने आखावयास सांगणे ही सोपी व उपयुक्त रीत आहे: एकात 'काय दिसले', दुसऱ्यात 'त्यावरून काय वाटते'. भिंतीवर 'रक्ताचा डाग आहे' असे पहिल्या रकान्यात लिहिणे चूक ठरते. 'जमिनीपासून अमुक उंचीवर लालसर तपकिरी, वाळलेला डाग' एवढेच निरीक्षण होय. विदर्भात तो डाग पानाची किंवा खर्र्याची पिंकही असू शकतो. फिनॉल्फ्थॅलिनच्या प्राथमिक चाचणीत रंग आला तरी रक्त सिद्ध होत नाही, कारण काही वनस्पतींतील पेरॉक्सिडेज विकरांमुळेही तसा रंग येतो. पुढे खातरजमेची चाचणी, मग रक्त मानवी की प्राण्याचे याचा निर्णय आणि त्यानंतर ते कोणाचे हा प्रश्न येतो. ते तेथे कसे आले, हे अनुमान त्याहून वेगळे आहे.

नागपूरचा खटला

अनुमानाच्या मर्यादेविषयी भारतीय न्यायालयांत आजही आधार म्हणून घेतला जाणारा एक निर्णय नागपुरात उद्भवलेल्या खटल्यातील आहे. 'हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य' (१९५२) हा तो खटला. त्या काळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. सिवनी येथील मद्यार्कनिर्मितीच्या ठेक्याच्या निविदांवरून हे प्रकरण उभे राहिले. एका पत्रावर मागाहून आधीची तारीख घातली, असा अभियोग पक्षाचा आरोप होता. पत्र ज्या टंकलेखन यंत्रावर उमटविले, ते यंत्र १९४६ च्या अखेरीपर्यंत नागपुरात पोहोचलेच नव्हते, असा त्यामागील युक्तिवाद होता. तो आकर्षक आहे, यात शंका नाही. परंतु पत्र त्याच यंत्रावर छापले गेले हा मूळ हेतूच आधी सिद्ध व्हावयास हवा होता. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४५ मध्ये टंकलेखन तज्ज्ञांचे मत बसत नाही, हे उच्च न्यायालयाचे मत सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. ज्या परिस्थितीवरून अपराधाचे अनुमान काढावयाचे ती प्रथम पूर्णपणे सिद्ध झाली पाहिजे व निर्दोषत्वाशी सुसंगत अशी कोणतीही शक्यता उरता कामा नये, असे न्यायालयाने म्हटले आणि आरोपींची मुक्तता केली.

'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' (१९८४) या पुण्यातील प्रकरणात याच तत्त्वांची पाच कसोट्यांत मांडणी झाली.

टंकलेखनाविषयीचे मत मात्र टिकले नाही. १९९६ मध्ये घटनापीठाने एस. जे. चौधरी प्रकरणात 'विज्ञान' या शब्दाचा व्यापक अर्थ लावून असे तज्ज्ञमत ग्राह्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये 'अन्य कोणतेही क्षेत्र' यांचाही समावेश आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावयाचा असून, ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे.