दोन पंख की एक? खालखिन गोल, १९३९

एनडीएत तिन्ही दलांचे कॅडेट्स एकत्र असल्यामुळे एक वाद हमखास रंगायचा: शस्त्र मोठं की ते चालवणारा? पायदळात वीस वर्षं काढल्यावर मला वाटतं की या वादात एक तिसरी गोष्ट राहून जाते. लढाई कोणाच्या पद्धतीने लढली जाते? याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला जमिनीवर नाही, हवेत सापडलं.

मे १९३९. मंगोलिया आणि जपानच्या ताब्यातलं मांचुकुओ यांची सीमा खालखिन गोल नदीवर आहे, असं जपान म्हणत होता. ती नदीच्या पूर्वेला सुमारे वीस किलोमीटरवर आहे, असं मंगोलियाचं आणि त्यांच्या पाठीशी उभ्या रशियाचं म्हणणं. सीमेची रेघ नेमकी कुठे, हा वाद आपल्याला काही नवा नाही. तिथे मात्र तो रणगाडे आणि शेकडो विमानांपर्यंत गेला.

रशियाकडे दोन प्रकारची फायटर होती. आय-१५ बिस हे बायप्लेन आणि आय-१६ हे चाकं पोटात घेणारं मोनोप्लेन. बायप्लेनला दोन पंखांमुळे क्षेत्रफळ जास्त, म्हणून ते अगदी लहान वर्तुळात वळतं. पण दुसरा पंख, मधले खांब आणि तारा हवेला अडवतात, आणि वेग वाढला की हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. स्पेनच्या यादवी युद्धातून रशियनांनी धडा घेतला होता की बायप्लेनने शत्रूला वळणात गुंतवावं आणि मोनोप्लेनने वरून झडप घालावी.

जपानच्या की-२७ ने हे गणित मोडलं. ते मोनोप्लेन होतं, तरी इतकं हलकं की बायप्लेनसारखं वळायचं, आणि वेग ताशी सुमारे ४७० किलोमीटर. म्हणजे वळणात गुंतवण्याची सोयच संपली. २८ मेला आय-१५ बिसच्या एका तुकडीतली बहुतेक विमानं पडली.

मग मॉस्कोहून स्मुश्केविच आले, सोबत स्पेनमध्ये लढलेले वैमानिक. त्यांनी आधी शिकवणी घेतली: की-२७ बरोबर वळायचं नाही. आय-१६ वजनदार होतं, सूर मारताना जपानी विमानाला मागे टाकायचं. तेव्हा उंचीवरून या, मारा, सरळ खाली निघून जा. वैमानिकाच्या पाठीमागे चिलखती पत्रा होता. की-२७ कडे तो नव्हता, कारण हलकेपणासाठी तो सोडला होता. आय-१५ बिस हळूहळू मागे घेतली गेली. विमान पाडल्याचे दावे दोन्ही बाजूंनी भरमसाट फुगवले, पण ऑगस्टमध्ये झुकोव्हने हल्ला चढवला तेव्हा आकाश जपानच्या हातात उरलं नव्हतं. त्यांचे कसलेले वैमानिक एकेक करून गेले होते आणि तसे पुन्हा चटकन तयार होत नाहीत.

खरी गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, पुढे आहे. जिंकलेल्या रशियाने आय-१५३ हे चाकं आत घेणारं नवं बायप्लेन बनवणं चालूच ठेवलं, ३,४०० च्या वर. जून १९४१ मध्ये जर्मन मेसरश्मिटसमोर त्यांतली कित्येक उभी होती. जपानी वैमानिकांचं वळणावरचं प्रेमही कमी झालं नाही. डिसेंबर १९४१ मध्ये रंगूनवर हीच की-२७ आली, तेव्हा शेनॉल्टच्या अमेरिकन स्वयंसेवकांनी जड पी-४० घेऊन तेच केलं: वरून या, मारा, खाली निघा, वळू नका. अडीच वर्षांपूर्वी मंगोलियात दिलेली किंमत दुसऱ्यांदा मोजावी लागली.

म्हणून 'बायप्लेन चांगलं की मोनोप्लेन' हा प्रश्न मला फसवा वाटतो. की-२७ ही मोनोप्लेनच होती, पण तिचा जीव वळणात होता. ज्याने तिला वळू दिलं तो मेला. ज्याने दिलं नाही तो घरी परतला. माणूस ज्या कसबात पटाईत असतो ते सोडणं त्याला सगळ्यात अवघड जातं, मग ते कसब कॉकपिटमधलं असो वा आपल्या पलटणीतलं. आज ड्रोनच्या जमान्यात आपण कुठली सवय कवटाळून बसलोय? निवृत्त मंडळींनी यावर जरूर लिहावं. तुमच्या वेळी तुम्ही काय सोडलंत आणि ते किती उशिरा सोडलंत, हे आजच्या तरुण अधिकाऱ्यांना ऐकायचं आहे.